पांढऱ्या पेशी रक्त गोठवतात, मग रक्त थांबत का नाही?

प्रश्न कळव्याहून आला आहे. थोडक्यात असा: "माझी धाकटी बहीण, वय ३१. आठ दिवस हिरड्यांतून रक्त येत होतं, मांडीवर काळेनिळे डाग, पाळी थांबेना. प्लेटलेट १८ हजार निघाल्या म्हणून सगळ्यांनी डेंग्यू धरला. मग कुणीतरी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) पाहून ब्लड कॅन्सर म्हणालं, एपीएल नावाचा. आता नवी मुंबईत दाखल आहे. डॉक्टर म्हणतात, तिच्या पांढऱ्या पेशी रक्त गोठवत आहेत म्हणून रक्तस्राव होतोय. हे मला कळतच नाही. रक्त गोठवणं प्लेटलेटचं काम ना? आणि गोठत असेल तर वाहतं कसं? बोन मॅरोचा रिपोर्ट यायच्या आधीच कॅप्सूल सुरू केल्या, मानेत नळी घालायला नको म्हणाले, रोज क्रायो (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या पिशव्या) आणायला पळवतात. हे बरोबर चाललंय ना? आणि सुधारणा होतेय हे कळणार कसं?"

बरोबर चाललंय. हे आधी सांगतो, कारण रुग्णालयाच्या बाकड्यावर रात्र काढणाऱ्या माणसाला शास्त्र दोन दिवसांनी कळलं तरी चालतं, धीर मात्र आधी मिळायला हवा. रिपोर्टआधी औषध, मानेत नळी नाही, रोजचं क्रायो आणि पांढऱ्या पेशींबद्दलचं ते वाक्य, या चारही गोष्टी एकाच कारणातून आलेल्या आहेत. ते कारण नीट उलगडून सांगतो. ठाण्यात रक्तविकारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला २७ वर्षं झाली. पहिल्या काही तासांना या ल्युकेमियात जितकं मोल आहे तितकं दुसऱ्या कुठल्याही ल्युकेमियात मी पाहिलेलं नाही.

शाळेपासून आपण रक्तातली कामं वाटून शिकतो: लाल पेशी प्राणवायू नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त थांबवतात. वाटणी सोयीची आहे, पण शरीर ती इतकी काटेकोर पाळत नाही. रक्त गोठण्याची सुरुवात मुळात प्लेटलेटपासून होतच नाही. ती होते टिश्यू फॅक्टर नावाच्या एका प्रथिनापासून. हे प्रथिन रक्तवाहिनीच्या बाहेरच्या थरांतल्या पेशींवर बसलेलं असतं. मेंदूत, फुप्फुसात, गर्भाशयात ते भरपूर असतं, पण वाहत्या रक्ताच्या वाटेत ते येत नाही. विळीवर बोट कापलं की रक्त वाहिनीबाहेर पडतं आणि त्याला भिडतं. मग रक्तातला सातव्या क्रमांकाचा घटक त्याला चिकटतो, दोघं मिळून दहाव्याला जागं करतात, दहावा थ्रॉम्बिन तयार करवतो आणि थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिन नावाचे धागे बनवतं. प्लेटलेट या सगळ्या घडामोडीला बसायला जागा देतात आणि त्या धाग्यांत गुंतून गुठळी घट्ट करतात. थोडक्यात, टिश्यू फॅक्टर वाहिनीच्या बाहेर आणि रक्त आत, एवढ्या एका विभागणीवर आपलं रक्त दिवसरात्र पातळ राहतं.

या विभागणीला निरोगी शरीरातही एक अपवाद आहे, आणि तो पांढऱ्या पेशींचाच. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीला जंतूंच्या विषाचा स्पर्श झाला की काही तासांत ती स्वतःच्या अंगावर टिश्यू फॅक्टर तयार करते. जंतू शिरलेल्या जागी बारीक गुठळ्यांचं जाळं करायचं आणि त्यांना तिथंच अडकवायचं, असा त्यामागचा हेतू दिसतो. हे फार जुनं कसब आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर हॉर्सशू क्रॅब नावाचा घोड्याच्या नालेसारखा दिसणारा समुद्रजीव सापडतो. त्याच्या रक्तात प्लेटलेट नसतात. एकाच जातीच्या पेशी जंतूंचं विष ओळखतात आणि तिथल्या तिथे रक्त गोठवून टाकतात. तुमच्या बहिणीला लागते तशा सलाइनच्या बाटल्यांची जंतुविषासाठी होणारी तपासणी कित्येक दशकं याच जातीच्या प्राण्यांच्या रक्तपेशींवर उभी आहे. म्हणजे जंतूंशी लढणं आणि रक्त गोठवणं ही दोन कामं एकेकाळी एकाच पेशीची होती. आपल्या पांढऱ्या पेशी ते कसब पूर्णपणे विसरलेल्या नाहीत.

निरोगी पेशी हे काम वेळेपुरतं करते आणि थांबवते. तुमच्या बहिणीच्या आजारात ते थांबतच नाही.

या आजाराचं पूर्ण नाव ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. पांढरी पेशी तयार होताना मधल्या एका टप्प्यावर प्रोमायलोसाइट असते. एपीएलमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७७ साली ही अदलाबदल दाखवली. त्या सांध्यावर पीएमएल-रारा नावाचं एक जोडप्रथिन तयार होतं आणि ते पेशीला प्रोमायलोसाइटच्या टप्प्यावर अडवून धरतं. पेशी पुढे वयात येत नाही आणि वेळेवर मरतही नाही, नुसती वाढत राहते. रक्त गोठण्याच्या दृष्टीने त्याहून वाईट गोष्ट अशी, की हेच जोडप्रथिन टिश्यू फॅक्टरच्या जनुकालाही जागं ठेवतं. ज्या ठिणगीने वाहिनीबाहेर राहायचं, ती अब्जावधी पेशींच्या अंगावर बसून थेट रक्तात फिरते. या पेशी आपल्या आवरणाचे सूक्ष्म तुकडेही रक्तात सोडत असतात आणि त्या तुकड्यांवरही टिश्यू फॅक्टर असतो. त्यामुळे तपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या कमी दिसली, तरी धोका कमी आहे असं मानता येत नाही.

टिश्यू फॅक्टरखेरीज आणखी एक पदार्थ या पेशींत आढळला आहे, कॅन्सर प्रोकोॲग्युलंट. तो सातव्या घटकाची वाटच पाहत नाही, थेट दहाव्याला जागं करतो. शिवाय या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी रक्तवाहिनीचं आतलं अस्तरही बिघडतं. एरवी रक्त गोठू न देणारं ते अस्तर मग गोठण्यालाच मदत करू लागतं.

हे कळलं कसं, ते सांगायचा मोह मला आवरत नाही, कारण तरुणपणी हा प्रयोग मी स्वतःच्या हाताने केला आहे. रुग्णाच्या रक्तातून ल्युकेमियाच्या पेशी वेगळ्या करायच्या, धुऊन स्वच्छ करायच्या. ३७ अंशांच्या पाण्यात काचेच्या नळीत निरोगी माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेलं पिवळं रक्तपाणी, ठेवायचा, त्यात या पेशी आणि कॅल्शियम घालायचं, घड्याळ लावायचं आणि नळी हळूहळू कलती करत पाहत राहायचं. नुसत्या प्लाझ्माला गोठायला मिनिटं लागतात. प्रोमायलोसाइट घातल्या की नळी दुसऱ्या-तिसऱ्यांदा कलती करेपर्यंत आत जेली झालेली असते. मग तोच प्रयोग सातवा घटक जन्मतःच नसलेल्या माणसाच्या प्लाझ्मात करायचा. तिथे पेशींचा जोर ओसरला, तर काम टिश्यू फॅक्टरचं. तिथेही प्लाझ्मा झपाट्याने गोठला, तर दुसरं काहीतरी थेट दहाव्या घटकापर्यंत पोचतंय. साध्या नळ्या, पाणी आणि घड्याळ एवढ्यावर हे उकललं. मला आजही यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखापेक्षा त्या नळ्यांवर जास्त विश्वास वाटतो.

त्या प्रयोगातलं एक निरीक्षण तुमच्या बहिणीच्या उपचारांशी थेट जोडलेलं आहे. पेशी अखंड असताना जेवढ्या वेगाने प्लाझ्मा गोठवतात, त्यापेक्षा गोठवून-वितळवून फोडलेल्या पेशी कितीतरी जास्त वेगाने गोठवतात. पेशीच्या आवरणाला आतली आणि बाहेरची अशी दोन पदरं असतात. गोठण्याच्या घटकांना धरून ठेवणारी काही स्निग्ध द्रव्यं जिवंत पेशीत आतल्या पदरात दडलेली असतात. पेशी मरायला लागली की ती बाहेरच्या पदरावर येतात आणि अर्धवट झोपेत असलेला टिश्यू फॅक्टर पूर्ण जागा होतो. याकडे मी थोड्या वेळाने परत येतो.

आता तुमचा खरा प्रश्न: गोठतंय तर वाहतं कसं?

तुम्ही घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्या पाहिल्या असतील. समजा अशा एखाद्या इमारतीत रात्रभर प्रत्येक घरात एकेक नळ थोडा थोडा उघडा राहिला. कुठेच पूर आलेला दिसत नाही, पण सकाळी गच्चीवरची टाकी कोरडी ठणठणीत. तुमच्या बहिणीच्या शरीरात सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये जागोजागी बारीक गुठळ्या होत आहेत. डोळ्यांना दिसणारी मोठी गुठळी एकही नाही, पण प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन या साठ्यातल्या वस्तू त्या कामी खर्ची पडत आहेत. जिथे खरोखर गुठळी हवी, म्हणजे हिरडीवर, सुई टोचल्या जागी, गर्भाशयात, तिथे द्यायला काही उरत नाही. अनेकांना वाटतं की तिचं रक्त 'पातळ' झालंय. ते पातळ झालेलं नाही, त्यातला गोठण्याचा माल संपलाय.

एपीएलमध्ये एवढ्यावर भागत नाही. झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची एक यंत्रणा असते, प्लाझमिन नावाच्या द्रव्याची. प्रोमायलोसाइटच्या अंगावर ॲनेक्सिन-२ नावाचं प्रथिन नेहमीपेक्षा खूप जास्त असतं आणि ते प्लाझमिन तयार करण्याचा ओटाच मांडून बसतं. ही गोष्ट १९९९ साली नीट दाखवली गेली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही ॲनेक्सिन-२ बरंच असतं. या आजारात मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती इतकी का, याचं एक कारण तिथे असावं असं मानतात. त्यात या पेशींच्या दाण्यांमधली इलॅस्टेजसारखी द्रव्यं फायब्रिनोजेनचे लचके तोडतात. म्हणजे एकच पेशी गुठळी करवते, तीच गुठळी फोडते आणि कच्चा मालही कुरतडते. जंतुसंसर्गातही रक्त असंच जागोजागी गोठतं, त्याला आम्ही डीआयसी म्हणतो. पण ही तिन्ही कामं एकाच वेळी एवढ्या जोराने करणारा दुसरा आजार माझ्या पाहण्यात नाही.

तिच्या फाइलमधला पीटी-आयएनआरचा रिपोर्ट काढून पाहा. आकडा वाढलेला असेल, म्हणजे रक्त गोठायला जास्त वेळ लागला. तुमचा गोंधळ बहुधा इथेच झाला असणार: डॉक्टर म्हणतात पेशी रक्त गोठवतात, आणि रिपोर्ट म्हणतो रक्त उशिरा गोठतंय. दोन्ही खरं आहे. निळ्या झाकणाच्या नळीत घेतलेलं रक्त प्रयोगशाळेत आधी यंत्रात गरगर फिरवतात. पेशी तळाशी बसतात आणि वरचा पिवळा प्लाझ्मा तेवढा तपासतात. म्हणजे ज्या पेशी हे सगळं घडवत आहेत त्या तपासणीच्या नळीत नसतातच. रिपोर्ट सांगतो तो त्यांनी केलेल्या नासाडीनंतर उरलेला हिशोब: पीटी वाढलेला, फायब्रिनोजेन घटलेलं, डी-डायमर खूप वर. डी-डायमर म्हणजे झालेल्या आणि मग फुटलेल्या गुठळ्यांचे तुकडे. तो वाढलेला असणं हाच गुठळ्या होऊन गेल्याचा पुरावा. जाता जाता, ती निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत पूर्ण भरलेली असावी लागते. अर्धी भरली तर पीटी उगाचच वाढलेला येतो. शीर सापडत नसलेल्या रुग्णात ही चूक वारंवार होते.

आता कॅप्सूलबद्दल. नॉर्वेचे डॉ. हिलस्टाड यांनी १९५७ साली तीन रुग्णांवरून हा आजार वेगळा म्हणून पहिल्यांदा ओळखला. तेव्हा त्यांनी त्याचं वर्णन सगळ्यांत घातक ल्युकेमिया असं केलं होतं. रुग्ण काही आठवड्यांत रक्तस्रावाने जात. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये झां बर्नार यांच्या गटाने डॉनोरुबिसिन हे केमोचं औषध या पेशींवर चांगलं लागू पडतं हे दाखवलं. पण केमो पेशींना मारते, आणि मरणारी प्रोमायलोसाइट काय करते ते वर सांगितलंच आहे. केमो सुरू झाली की पेशी फुटत, टिश्यू फॅक्टर एकदम मोकळा सुटत असे आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तस्राव आणखी भडकत असे. आजार बरा करणारं औषधच आधी जिवावर बेतायचं. मग हेपरिन देऊन गोठणं दाबायचा प्रयत्न व्हायचा. त्यात रक्तस्राव वाढायची धास्ती असायची आणि फायदा कधीच नीट सिद्ध झाला नाही.

कोंडी फुटली शांघायमध्ये. वांग झेनयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी मारण्याऐवजी तिला वयात आणायचं ठरवलं. अ जीवनसत्त्वाचंच एक रूप, ट्रेटिनॉइन, ज्याला आम्ही ॲट्रा म्हणतो, ते तोंडाने दिलं. ते त्या जोडप्रथिनाची अडवणूक सोडवतं आणि अडून बसलेली प्रोमायलोसाइट पुढे सरकून साधी पांढरी पेशी होते. १९८८ साली त्यांनी २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळ्यांचा आजार आटोक्यात आला होता. माझ्या मते त्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट रक्त गोठण्याच्या बाजूने आहे. ॲट्रा पेशी फोडत नाही. टिश्यू फॅक्टर, कॅन्सर प्रोकोॲग्युलंट आणि ॲनेक्सिन-२ या तिन्हींचं उत्पादन ते पेशीच्या आतूनच कमी करतं. इमारतीचं उदाहरण पुढे न्यायचं तर क्रायो, प्लाझ्मा, प्लेटलेट हे टँकर आहेत आणि ॲट्रा घराघरांतले नळ बंद करत फिरतं. टँकर लागतातच, पण नळ उघडे ठेवून टँकर किती पुरणार?

म्हणून बोन मॅरोच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते. गुणसूत्रांचा किंवा पीसीआरचा अहवाल यायला काही दिवस लागू शकतात. स्मिअरमध्ये दाण्यांनी गच्च भरलेल्या, आत काड्यांच्या मोळीसारख्या रेषा असलेल्या पेशी दिसल्या आणि सोबत फायब्रिनोजेन घसरलेलं असलं, की ॲट्रा लगेच सुरू करायचं. जगभरच्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. शेवटी निदान दुसरं निघालं तर औषध थांबवता येतं, दोन-चार दिवसांच्या कॅप्सूलने मोठं नुकसान होत नाही. उलट बाजूने झालेलं नुकसान भरून येत नाही. निवासी डॉक्टर असताना मी ज्या रुग्णालयात होतो तिथे दिवा गावचा एक २२ वर्षांचा मुलगा शनिवारी दुपारी दाखल झाला होता. स्मिअर पाहून संशय आला होता, पण 'मॅरो होऊ दे, सोमवारी ठरवू' असं ठरलं. औषध रुग्णालयाच्या भांडारात नव्हतं आणि रविवारी ते बाहेरून आणायला कुणाला धावाधाव करावीशी वाटली नाही, त्यात मीही आलो. रविवारी रात्री त्याचं डोकं भयंकर दुखू लागलं, पहाटे तो गेला. तेव्हापासून ॲट्राची एक पट्टी माझ्या दवाखान्याच्या कपाटात कायम असते. मुदत संपायच्या आत ती बदलायचं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

मानेत नळी न घालण्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. मोठ्या शिरेत सुई घालताना चुकून शेजारची धमनी टोचली तर एरवी दाबून धरता येतं. इथे दाबूनही थांबेल याची खात्री नाही. तेच पाठीतून पाणी काढण्याचं, तेच स्नायूत द्यायच्या इंजेक्शनचं. हातातल्या साध्या सलाइनवर काम निभत असेल तर तेच उत्तम. हात सुजतो, सुई वारंवार बदलावी लागते, बघणाऱ्याला वाईट वाटतं. चालेल.

क्रायोची धावपळ कशासाठी, तर क्रायोमध्ये फायब्रिनोजेन दाटून ठेवलेलं असतं. फायब्रिनोजेन १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर आणि प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर ठेवायच्या, हे सुरुवातीच्या दिवसांचं लक्ष्य असतं. त्यासाठी दिवसातून एकदा, कधी दोनदा रक्त तपासावं लागतं. प्रौढ माणसाला एका वेळी साधारण ८ ते १० पिशव्या क्रायो लागतं. रक्तपेढीतून आणायची वेळ तुमच्यावर येत असेल तर एवढं सांभाळा: प्लेटलेटची पिशवी बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवायची नाही, तिला २० ते २४ अंश म्हणजे खोलीचंच तापमान लागतं. वितळवलेलं क्रायोही परत गार करायचं नाही आणि ते काही तासांत शरीरात गेलं पाहिजे. वाशीहून निघताना वॉर्डमधल्या सिस्टरना फोन करून ठेवा, म्हणजे पिशव्या टेबलावर पडून राहणार नाहीत. आपली माणसं काळजीपोटी सगळंच बर्फाच्या डब्यात भरून आणतात आणि चांगल्या प्लेटलेट वाया जातात, हे मी खूपदा पाहिलंय.

तिच्या पाळीबद्दल तुम्ही संकोचून एका ओळीत लिहिलंय, पण ती गोष्ट दुय्यम नाही. गर्भाशयाच्या अस्तरात टिश्यू फॅक्टर भरपूर असूनही माल संपल्यावर तिथेही रक्त थांबत नाही. पाळी तात्पुरती थांबवायच्या गोळ्या असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं आहे का, हे डॉक्टरांना विचारा. तापासाठी किंवा अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यातलं काहीही घरून आणून द्यायचं नाही. दात घासायला मऊ ब्रश, तोही नको वाटला तर नुसत्या चुळा. पोट साफ राहू द्या, जोर करायला लागू नये. डोकं दुखतंय, दिसायला अंधूक होतंय, बोलताना अडखळतंय, यातलं काही वाटलं तर त्या क्षणी सांगायचं. 'झोप झाली नसेल' म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही.

येत्या काही दिवसांत दोन गोष्टी घडतील, त्यांनी घाबरू नका. एक, पांढऱ्या पेशींचा आकडा वाढू शकतो. आजार बळावला असं वाटेल, पण पुष्कळदा त्या वयात येणाऱ्या पेशी असतात. दुसरी मात्र गंभीर असू शकते: ताप, धाप, अंगावर सूज, वजन एकदम वाढणं. या पेशी वयात येताना फुप्फुसांत आणि इतर ठिकाणी शिरून असं करतात. संशय आला की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लगेच सुरू करतात आणि बहुतेकांना त्याने आराम पडतो. वजन रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर करा आणि वहीत लिहा.

ॲट्रासोबत तिला आर्सेनिक ट्रायऑक्साइडही मिळेल. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात, तेच. नाव ऐकून तुमच्या आई दचकतील, त्यांना समजावून सांगा. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात ते ल्युकेमियासाठी वापरायला सुरुवात केली, आणि आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नुसत्या आर्सेनिकवर रुग्ण बरे करून दाखवले. मोजून-मापून शिरेतून दिलं जातं, हृदयाच्या आलेखावर आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवून. ॲट्रा आणि आर्सेनिक एकत्र दिल्यावर, पांढऱ्या पेशी १० हजारांच्या आत असलेल्या रुग्णांत, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी ९७ टक्के लोक आजार न उलटता जिवंत होते. हिलस्टाड यांच्या सगळ्यांत घातक ल्युकेमियाचा हा आजचा आकडा आहे. तरीही जे दगावतात ते बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, आणि रक्तस्रावाने. म्हणून तर ही सगळी पळापळ.

डेंग्यूबद्दल थोडं बोललंच पाहिजे. जुलै ते ऑक्टोबर ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, कुठल्याही दवाखान्यात प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, आणि दहातल्या बहुतेकांना तो असतोही. फसगत होते ती इथे: डेंग्यूतही पांढऱ्या पेशी कमी असतात आणि एपीएलमध्येही बऱ्याचदा कमीच असतात. पण डेंग्यूत रक्त दाटल्यामुळे हिमोग्लोबिन सहसा टिकून असतं, कधी वाढतंही. एपीएलमध्ये ते खाली असतं. डेंग्यूत १८ हजार प्लेटलेट असूनही अनेकांना ओरखडाही उठत नाही. एपीएलमध्ये त्याच आकड्याला टोचल्या जागेवरून तासभर रक्त झिरपतं, घोळणा फुटतो, मांडीवर बशीएवढे डाग पडतात. प्लेटलेटच्या आकड्याशी न जुळणारा रक्तस्राव दिसला तर पपईच्या पानांचा रस शोधण्याआधी एक स्मिअर माणसाच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा आणि पीटी, फायब्रिनोजेन करावं. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून एपीएल नाही असंही होत नाही. पावसाळ्यात दोन्ही एकत्र आलेला रुग्ण मी पाहिला आहे. तुमच्या बहिणीचा स्मिअर ज्यांनी यंत्राच्या आकड्यावर न सोडता काचेखाली पाहिला, त्यांना जमेल तेव्हा भेटून या.

इतर ल्युकेमियांतही पांढऱ्या पेशी रक्त गोठवतात, फक्त इतक्या जोराने नाही. मोनोसाइटच्या वंशातल्या ल्युकेमियात आणि पेशींचा आकडा लाखाच्या वर गेलेल्या रुग्णांत हे जास्त दिसतं. लहान मुलांच्या ल्युकेमियात ॲस्पॅराजिनेज या औषधाने गोठणं रोखणारी प्रथिनं घटतात आणि मेंदूच्या शिरेत खरीखुरी गुठळी होऊ शकते. तो वेगळा विषय आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय, सुधारणा होतेय हे कळणार कसं. प्लेटलेटकडे एवढ्यात पाहू नका, त्या मॅरो सावरल्यावर, काही आठवड्यांनी येतात. फायब्रिनोजेन पाहा. आज ते ८० असेल, क्रायो दिल्यावर १४०, उद्या परत ९०. ही चढउतार काही दिवस चालेल. ॲट्रा चालू राहिलं तर साधारण आठवडा-दहा दिवसांत एक सकाळ अशी येते, की आदल्या दिवशी क्रायोची एकही पिशवी दिलेली नसते आणि तरी आकडा कालच्यापेक्षा वर असतो. त्या दिवशी ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि मला कळवा.